तू हात लावू नकोस

आपल्या घरांत बाईला सगळ्यांत जास्त वेळा काय सांगितलं जातं? ‘जेवलीस का?’ हे नक्कीच नाही. सांगितलं जातं ते ‘तू हात लावू नकोस.’ लहानपणी आजोबांच्या रेडिओला हात लावायचा नव्हता. लग्न झाल्यावर नवऱ्याच्या टेपरेकॉर्डरला लावायचा नव्हता. आता पन्नाशी ओलांडली, केस पिकले, तरी मुलगा पुण्याहून फोनवर सांगतोच, ‘आई, त्या नेटच्या डब्याला तू हात लावू नकोस, मी आल्यावर बघतो की.’ तो येणार दिवाळीला. तोवर डब्यावरचा लाल दिवा लुकलुकतोय आणि आई गप्प बसलीय.

मला या वाक्याशी भांडायचंय. चांगलं जोरात भांडायचंय. बायकांनी जोरात बोललेलं ज्यांना आवडत नाही त्यांनी खुशाल पान उलटावं.

आधी एक यादी करून बघा. हात कशाला लावायचा नाही? इन्व्हर्टर, मेन स्विचचा बोर्ड, नेटचा डबा, टीव्हीमागच्या वायरी, नवाकोरा फोन. आणि हात कशाला लावायचा? मिक्सर, वॉशिंग मशीन, कुकर, गीझर, बोअरची मोटर, गॅसची टाकी. ही सगळी तिचीच. असं का, तर म्हणे ‘धोका असतो गं, म्हणून सांगतो.’

बरं, धोक्याचंच बोलू. घरातली सगळ्यांत धोक्याची वस्तू कोणती? गॅसची टाकी. तिच्यात १४.२ किलो गॅस दाबाखाली पातळ करून भरलेला असतो. तो हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळला तर वर उडून न जाता जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन नावाचं घाण वासाचं रसायन त्यात मुद्दाम मिसळलेलं असतं. वास आला की कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळेला पडू शकते. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर येऊन १९०६ ला फोन लावायचा. एवढी जोखीम रोज चार वेळा काडी ओढून पेलणाऱ्या बाईला बारा व्होल्टवर चालणाऱ्या नेटच्या डब्यापासून सांभाळून ठेवायचं! याला काळजी म्हणायचं की थट्टा?

धोक्यावरून ही वाटणी झालेलीच नाही. ज्या यंत्राबरोबर घाम येतो ते तिचं, ज्या यंत्राबरोबर मान मिळतो ते त्याचं, अशी ती झाली आहे. रोज दोन बादल्या कपडे मशीनमध्ये घालणारीला कुणी ‘टेक्निकल’ म्हणत नाही. महिन्यातून एकदा डबा बंद करून चालू करणारा मात्र घरातला इंजिनिअर ठरतो.

हे पूर्वीपासून असंच होतं, असं कुणी सांगायला लागलं तर ऐकून घेऊ नका. आपल्या आज्या यंत्रं चालवत होत्या आणि दुरुस्तही करत होत्या. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी होता, तो संध्याकाळी कोण तयार करायचं? वात तिरपी कातरली तर काच एका बाजूने काजळते, हे त्यांना कुणी शिकवलं होतं? स्टोव्हच्या बर्नरचं भोक बुजलं की पिन मारणं, पंपाचा चामड्याचा वॉशर वाळला की त्याला तेल लावून पुन्हा फुलवणं, निळी ज्योत पिवळी झाली की कुठे बिघडलंय ते ओळखणं, हे सगळं बायकाच करत होत्या. शिलाई मशीनचं बघा. दोऱ्याचा ताण बोटाने ओळखायचा, खालची बॉबिन बसवायची, सुई बदलायची, तेल सोडायचं. कापडाच्या मागे दोऱ्याचे गुंते यायला लागले तर वरचा ताण सैल झालाय, हे माझी आई न बघता सांगायची. त्या काळात याला कुणी ‘टेक्नॉलॉजी’ म्हटलं नाही, कारण ते बायका करत होत्या. आणि आता टेक्नॉलॉजी म्हणतात तर बायकांनी हात लावायचा नाही.

आपल्या ज्ञानाची नोंद न होण्याची किंमत फार जड असते. ऐंशीच्या दशकातली वर्तमानपत्रं आठवा. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’, दोन ओळींची बातमी. दहाव्या वर्षापासून स्टोव्ह पेटवणाऱ्या पोरीला लग्नानंतर अचानक स्टोव्ह पेटवता येईनासा व्हायचा, आणि तो भडकायचा फक्त सुनांच्या अंगावर. त्यातल्या कितीतरी जणी हुंड्यापायी जाळलेल्या होत्या. शेवटी १९८३ मध्ये ४९८ अ आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४ ब ही कलमं आणावी लागली. पण तोवर ‘तिला स्टोव्ह नीट हाताळता आला नाही’ हे खपून जात होतं. बाईला यंत्रातलं काही कळत नाही, हे एकदा सगळ्यांनी धरून चाललं की यंत्राच्या नावावर तिच्याबद्दल काहीही खपवता येतं. म्हणून मी या वाक्याला हसून सोडत नाही.

आता आपल्याच स्वयंपाकघरात या. पाणी गाळायचं तर कापड दुहेरी हवं, दाट विणीचं हवं. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं, उकळलेल्याची २४ तास. गाळणं उलटं करून जिवाणी ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात सोडायची. पीठ कोणत्या ऋतूत किती दिवस चालतं, याचा हिशेब वेगळाच. हे आपण घड्याळ न बघता पाळतो, सुनांना शिकवतो. किती जणींना हे सगळं तोंडपाठ आहे! मिनिटांचा, तासांचा, ऋतूंचा हिशेब डोक्यात ठेवणाऱ्या या बायकांना ‘डबा बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करायचा’ हे लक्षात राहणार नाही, असं म्हणणाऱ्याच्या डोक्याची मला काळजी वाटते.

त्याच पाण्यावरून आपल्याला कसं लुबाडलं जातं तेही सांगते. फिल्टर विकणारा दारात येतो. दोन पेल्यांत पाणी घेतो, एकात नळाचं, एकात त्याच्या मशीनचं. दोन्हींत लोखंडी दांड्यांचं एक यंत्र बुडवून करंट सोडतो. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी, गढूळ, किळसवाणं होतं. त्याचं पाणी स्वच्छ राहतं. ‘बघा मॅडम, हे तुम्ही मुलांना पाजता!’ गल्लीतल्या चार घरांत त्या दिवशी चार मशीनं बसतात. खरं काय होतं? पाण्यात विरघळलेले क्षार असले की त्यातून करंट वाहतो आणि दांडीतलंच लोखंड सुटून पाण्यात उतरतं. तो गाळ पाण्यातला नाही, दांडीचा आहे. मशीनच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून करंट वाहत नाही आणि काही होत नाही. पुढच्या वेळी तो आला तर त्याच्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, ‘आता दाखवा की परत.’ तेही पाणी तसंच गढूळ होईल. पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, असं आपलं भारतीय मानक सांगतं. तेव्हा आधी आपल्या नळाचं पाणी तपासून घ्यावं, मग मशीन घ्यायचं की नाही ते ठरवावं. पिढ्यान्‌पिढ्या पाण्याचा विचार करणाऱ्या घरांना एक पोरगा दोन दांड्या दाखवून घाबरवतो, कारण दांडीत काय चाललंय हे कुणी आपल्याला सांगितलेलं नसतं.

‘पण हे सगळं कठीण असतं हो,’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणी मला दर बैठकीत भेटतात. मी बी.ए. झालेली बाई आहे. मराठी साहित्य घेतलं होतं. विज्ञान दहावीनंतर सुटलं. तरी मी इथे एका दमात सांगते, कठीण आहे का ते तुम्हीच ठरवा.

आपल्या बोर्डात ओळीने ज्या छोट्या कळा असतात त्या एमसीबी. एखाद्या वायरीवर झेपणार नाही इतका भार आला किंवा दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, की ती कळ खाली पडते. वायर जळू नये, आग लागू नये म्हणून ती आहे. त्या ओळीच्या सुरुवातीला एक रुंद कळ असते, तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं एक बटण असतं. ती आरसीसीबी. ती माणसासाठी आहे. गीझरची बॉडी, ओली भिंत किंवा तुमचं शरीर यांतून ३० मिलिअँपिअर एवढा बारीकसा करंट जमिनीकडे गळायला लागला तरी ती डोळ्याचं पातं लवण्याआधी वीज तोडते. १६ अँपिअरच्या एमसीबीला एवढी गळती दिसतही नाही. म्हणजे बोर्डात नुसत्याच एमसीबी असतील तर शॉकपासून तुम्हाला वाचवणारं तिथे कुणी नाही. जुन्या घरांतून आरसीसीबी नसतेच. आज संध्याकाळी जाऊन बघा, तुमच्या बोर्डात आहे का. असली तर ‘टी’ बटण दाबा. ती पडली पाहिजे. नाही पडली तर ती नुसती शोभेची आहे, वायरमनला बोलवा.

ती आपोआप पडली आणि वर राहत नसेल तर? सगळ्या एमसीबी खाली करा, मग आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. जी वर केली की सगळं पुन्हा पडतं, दोष बहुतेक तिच्या वाटेवर असतो. त्या वाटेवरचा गीझर, इस्त्री, मिक्सर, जे असेल त्याची पिन काढा आणि पुन्हा बघा. आमच्या बोर्डावर मी चिकटपट्ट्या लावून प्रत्येक कळीखाली नाव लिहिलंय: हॉल, स्वयंपाकघर, देवघर, माडी, मोटर. ‘करंट गेला’ म्हणून घरभर आरडाओरडा होतो तेव्हा गेला तो फक्त माडीचा, हे आता कुणालाही दिसतं.

गीझर कुठल्या प्लगला लावायचा हा प्रश्नही भागाकाराचा आहे. वॅटला २३० ने भागा, अँपिअर मिळतात. दोन हजार वॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर घेतो. म्हणून त्याला १६ अँपिअरचा मोठा प्लगच लागतो; ६ अँपिअरच्या छोट्या प्लगवर तो लावला की प्लग वितळणारच. हे गणित पोरं सहावीत करतात.

मिक्सर मध्येच बंद पडला? उलटा करा. बुडाशी एक छोटं बटण असतं. भार जास्त झाला की ते बाहेर येतं आणि मोटर वाचवतं. भांडं काढा, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, बटण आत दाबा. या एका बटणासाठी किती मिक्सर पिशवीत घालून दुकानात गेले असतील आणि ‘मोटर चेक केली’ म्हणून किती नोटा देऊन परत आले असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आणि तो नेटचा डबा. घरात येणाऱ्या बारीक वायरीतून वीज येत नाही, उजेड येतो. म्हणून ती खिळ्याला करकचून गुंडाळायची नाही की दारात चेंगरायची नाही; वायर मोडली की उजेड अडला. डब्यावर ‘एलओएस’ या इंग्रजी अक्षरांजवळ लाल दिवा लागला तर बाहेरून उजेडच येत नाहीये. तुम्ही काही करू शकत नाही, नेटवाल्याला तेवढंच सांगा, ‘एलओएस लाल आहे.’ त्याला पुढे काही विचारावं लागत नाही. तो दिवा लाल नसेल आणि नेट चालत नसेल तर डबा बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. मागचं टाचणीच्या भोकातलं बटण मात्र दाबायचं नाही. त्याने नेटवाल्याने भरलेली सगळी माहिती पुसली जाते. फोनमध्ये एकाच घराची दोन नावं दिसतात ना? २.४ गिगाहर्ट्झवालं लांब पोचतं पण हळू असतं. ५ वालं जलद असतं पण जाड भिंतीपुढे हार खातं. आपल्या जुन्या घरांच्या भिंती जाड. म्हणून तो डबा घराच्या मध्ये, उंचावर, मोकळ्यावर हवा. आणि तो कुठे असतो? मुलाच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागे. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता व्याख्यान ऐकणाऱ्या बाईच्या फोनवर मग ते गोल गोल फिरत राहतं. डबा बसवताना ‘तुला कुठं लागतं नेट?’ असं तिला कुणी विचारलेलं नसतं.

एवढंच. याच्या तिप्पट माहिती पुरणपोळीला लागते.

कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं तेव्हा काय झालं ते आपल्या पिढीला ठाऊक आहे. वाटी आणि चमच्याच्या मापात पदार्थ सांगितले गेले आणि ‘अंदाजाने घाल गं’ म्हणून अडवून धरलेला स्वयंपाक कुठल्याही नवख्या मुलीच्या हाती आला. मापात सांगितलं की कुठलंही ज्ञान कुणाचीही मक्तेदारी उरत नाही. बोर्डाचं आणि डब्याचं ज्ञान मात्र अजून ‘तुला नाही कळायचं’ या मापातच सांगितलं जातं.

मला राग आहे तो खरा याचा, की ही नुसती माहिती राहिलेली नाही. ही किल्ली झाली आहे. पूर्वी सासूच्या कमरेला जुडगा असायचा. कोठाराची, कपाटाची, तिजोरीची किल्ली जिच्याकडे, घर तिचं. सून वीस वर्षं त्या जुडग्याकडे बघत काढायची. आज तो जुडगा दिसत नाही. तो पासवर्डचा, पिनचा, ओटीपीचा झालाय, आणि आपली पाळी आली तेव्हाच तो कमरेवरून उचलून पुरुषांच्या खिशात गेलाय. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख ठरते. आपल्या कर्नाटकात २०२३ पासून गृहलक्ष्मीचे महिना दोन हजार याच कुटुंबप्रमुख बाईच्या नावावर येतात. नाव तिचं, खातं तिचं. आणि खात्याला जोडलेला फोन नंबर? मुलाचा. ‘पैसे आले का रे?’ हे तिला विचारावं लागतं. कुटुंबप्रमुख विचारतेय आणि कुटुंब सांगतंय!

माझ्या ओळखीतल्या एका बाईंचे यजमान अचानक गेले. तेराव्या दिवसापर्यंत रडायला माणसं होती. त्यानंतर बाई आणि एक बंद फोन राहिला. त्या फोनचा नमुना कुणाला ठाऊक नव्हता. विजेचं बिल, गॅसची नोंदणी, विम्याचा हप्ता, बँकेचे निरोप, सगळं त्या फोनमध्ये. बिल कागदावर आलं तर ते कन्नडमध्ये. बाई मराठी शाळेतल्या. तीस वर्षं त्यांनी ते घर चालवलं होतं आणि आता त्याच घरात त्या पाहुण्यासारख्या वावरत होत्या, प्रत्येक गोष्टीसाठी दिराच्या दारात उभ्या. यजमान चांगले होते हो, फार जपायचे. ‘तुला कशाला त्रास’ म्हणायचे. त्या जपण्याने बाईंना जे दिलं ते मी पाहिलंय.

आणि चोरांना हे आपल्याहून चांगलं ठाऊक आहे. ते दुपारी फोन करतात, घरात पुरुष नसतात तेव्हा. ‘तुमचं कनेक्शन आज रात्री कापणार’, ‘तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय’, ‘व्हिडिओवर या, तुम्हाला अटक झाली आहे’. फोनवरून कुणालाही अटक होत नाही, आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. ‘मदतीसाठी हे अ‍ॅप घाला’ म्हणणारा तुमची स्क्रीन तिकडे बसून वाचतो. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० ला फोन करायचा, मुलगा ऑफिसमधून येण्याची वाट बघायची नाही. तेवढ्या वेळात पैसे चार खात्यांतून फिरून गेलेले असतात. या चार ओळी जिला ठाऊक आहेत तिला घाबरवणं अवघड. जिला आयुष्यभर ‘तू हात लावू नकोस’ सांगितलं गेलं, ती फोनवरच्या अनोळखी पुरुषाचंही ऐकते, कारण यंत्राच्या बाबतीत पुरुषाचं ऐकायचं हेच तिला शिकवलेलं असतं.

आता भांडण आपल्याशी. होय, तुमच्याशीच. ‘मला नाही बाई त्यातलं काही कळत,’ हे आपण ज्या लाडिक सुरात म्हणतो तो सूर मला सहन होत नाही. जणू न कळणं हा दागिना आहे आणि तो मिरवायचा आहे. मुलाने बल्ब बदलला की आपण त्याचं कौतुक गल्लीभर सांगतो. मुलीने बदलला तर ‘उतर खाली, पडशील’ म्हणतो. हे ‘हात लावू नकोस’ पुढच्या पिढीत कोण पेरतंय? आपणच.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. एका मैत्रिणीने मला विचारलं, ‘अगं, आधीच कंबर मोडेपर्यंत कामं. हे पण शिकले तर हे पण माझ्याच गळ्यात पडेल. त्यापेक्षा येत नाही म्हटलेलं बरं.’ तिचं चुकत नाही. आपल्या घरांत जी शिकते तिलाच जुंपलं जातं. पण बघा, न शिकून तिची सुटका झालीय का? बिघडलेल्या मशीनचे कपडे हाताने कोण धुतं? करंट गेल्यावर अंधारात फोडणी कोण देतं? काम तिच्याकडेच येतं, फक्त दुप्पट होऊन येतं. माहीत असणं वेगळं आणि करणं वेगळं. जिला माहीत आहे ती सांगू शकते, ‘आरसीसीबी पडलीय, उठ आणि बघ.’ आणि हिशेब दोन्ही बाजूंनी मांडा ना: मी बोर्ड शिकते, तू वॉशिंग मशीन शीक. मशीनच्या पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी एक जाळी असते, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने ती बुजते, दर दोन महिन्यांनी काढून धुवावी लागते. घरातल्या किती पुरुषांना ती जाळी ठाऊक आहे? विचारून बघा. गंमत वाटेल.

हात लावायचाच नाही अशा जागाही आहेत, आणि त्या माहीत असणं हेही ज्ञानच. बोर्डाचं झाकण उघडायचं नाही. मायक्रोवेव्हच्या आत कधीच नाही. पिन काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज साठलेली राहते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घालायचं, खोली मोकळी ठेवायची, जवळ उदबत्ती लावायची नाही, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. अशी कारणासकट सांगितलेली मनाई मी डोक्यावर घेते. कारण न सांगता केलेली मनाई ही मनाई नसते, तो अपमान असतो.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकचे डबे वाटतो. घरात डब्यांवर डबे चढले. यंदा वाण म्हणून टेस्टर द्या. स्वस्त असतो, आणि प्लगच्या भोकात करंट आहे की नाही हे तेवढं दाखवतो. त्याच्याबरोबर एक वही द्या. पहिल्या पानावर गॅसचा, नेटवाल्याचा, वायरमनचा, लाइनमनचा नंबर. दुसऱ्या पानावर कुठलं बिल कुणाच्या नावावर, कुठल्या फोनला जोडलेलं. पिन त्यात लिहायचा नाही, पण फोन कसा उघडतो हे घरातल्या दोघांना ठाऊक हवं. महिला मंडळाच्या बैठकीत महिन्यातून एक तास याला द्या. वायरमन बोलवा, नेटवाल्या पोराला बोलवा, चहा पाजा, आणि त्याने सांगितलेलं वहीत लिहून घ्या. बिल कन्नडमध्ये आलं तर मीटरवरचे आकडे वाचा; आकड्यांना भाषा लागत नाही. मागच्या महिन्याचा आकडा वजा करा, किती युनिट जळले ते कळेल. बँकेत जाऊन आपल्या खात्याला आपलाच फोन नंबर जोडून घ्या. कुणी विचारलं ‘कशाला?’ तर उत्तर द्यायला बांधील नाही आपण.

आणि यापुढे घरात कुणी म्हणालं, ‘तू हात लावू नकोस,’ तर एकच विचारा, ‘का?’ कारण मिळालं तर ऐका. नाही मिळालं, तर हात लावा.